वाढत्या अंगाची बंदूक

नोव्हेंबर लागला की अमेरिकेत दक्षिणेकडच्या आमच्या मॉरिसव्हिलमध्ये आधी झाडं रंग बदलतात आणि मग दुकानं. भोपळे आत जातात आणि त्यांच्या जागी भडक नारिंगी जाकिटं टांगली जातात, शिकाऱ्यांनी एकमेकांना हरीण समजू नये म्हणून घालायची. हवेत कुठूनतरी लाकूड जळल्याचा वास येत असतो. संध्याकाळी पाइनच्या झाडीतून हरणं बाहेर पडतात, आमच्या मागच्या अंगणात शिरून माझ्या कुंडीतली मेथी खुडून खातात, आणि मी खिडकीवर टकटक केली की मान वर करून अशी बघतात, जणू मीच त्यांच्या घरात आगंतुक आले आहे. इथली हरणं लहान चणीची. उत्तरेकडची चांगली धिप्पाड असतात म्हणे. आमच्याकडची म्हणजे थोराड शेळीएवढी, आणि पाय मात्र काड्यांसारखे.

अशाच दिवसांत रेवाचा मेसेज आला. रेवा माझी मुलगी. बॉस्टनला कॉलेजात शिकते, आणि आईला मेसेज करण्याच्या बाबतीत तिचा हात फार आखडता आहे. तिनं लिहिलं होतं, 'आई, थँक्सगिव्हिंगला घरी येतेय. मिस पॅटनी बोलावलंय. माझी रायफल आहे ना अजून? विल इट स्टिल फिट मी?'

मी तेव्हा कामावर होते. मी औषधाच्या गोळ्या बनवते. म्हणजे कुठलं औषध, किती, कशात घोळवून, कसं दाबून द्यायचं, म्हणजे ते पोटात नेमक्या जागी जाऊन विरघळेल, हे ठरवायचं माझं काम. समोर मशीनमधून पांढऱ्या गोळ्या टपटप पडत होत्या आणि मी तो मेसेज पुन्हा पुन्हा वाचत होते. अजून बसेल का? लहानपणीचा फ्रॉक अजून बसेल का, असं विचारावं तसं तिनं विचारलं होतं. रेवा चौदा वर्षांची होती तेव्हाचं ते अख्खं वर्ष, विशेषतः त्याचा शेवट, त्या टपटपीत माझ्यासमोर येऊन उभं राहिलं.

माझं लहानपण अकोल्यातलं. आमच्या घरी सगळं वाढत्या अंगाचं घ्यायची पद्धत होती. चपला वाढत्या अंगाच्या, म्हणजे पुढे कापूस कोंबायचा. स्वेटर वाढत्या अंगाचा, म्हणजे बाह्या मनगटावर दोनदा दुमडायच्या. माझं अंग बिचारं कायम कपड्यांच्या मागे धावत असायचं, आणि ते पोचेपर्यंत कपडा विटलेला असायचा. फ्रॉक मात्र आई घरीच शिवायची, आणि शिवताना तिचा कायदा निराळा होता. ती फ्रॉक अगदी मापात शिवायची, पण शिवणीच्या आत भरपूर माया ठेवायची. माया म्हणजे शिवणीत दडवलेलं जास्तीचं कापड. जूनमध्ये शाळा उघडायच्या आधी ती मला समोर उभं करायची, दातांत टाचण्या धरून खालची शिवण उसवायची आणि माया सोडायची. सोडलेल्या मायेचा पट्टा बाकीच्या फ्रॉकपेक्षा गडद दिसायचा. मला त्याची लाज वाटायची. शिवणाच्या मशीनच्या तेलाचा वास त्या सगळ्याला असायचा, आईच्या हातांनासुद्धा.

त्या वर्षी फेब्रुवारीत, रेवाला व्हायोलिनच्या क्लासहून घेऊन मी शेजारच्या कॅरी गावाहून घरी येत होते. दिवस मावळत होता. आमच्या पुढच्या पिकअपनं एका हरिणीला उडवलं. पिकअपवाला थांबला, आम्हीही थांबलो. तो चांगला माणूस होता, त्यानं लगेच पोलिसांना फोन लावला आणि मग टोपी हातात घेऊन नुसता उभा राहिला, कारण करण्यासारखं काही नव्हतं. हरिणीचे मागचे पाय गेले होते. ती पुढच्या पायांवर उठायची, कोलमडायची, पुन्हा उठायची. रेवा गाडीतून उतरली होती आणि तिच्यापासून थोड्या अंतरावर उभी होती. मी आत ये म्हणत होते, पण ती हलायला तयार नव्हती. हरीण तिच्याकडेच बघत होतं. पोलीस यायला फार वेळ लागला. त्यानं आम्हाला गाडीत बसून काचा वर घ्यायला सांगितलं. काचा वर असूनही गोळीचा आवाज आला.

 गॅरेजमध्ये गाडी बंद केल्यावर रेवा म्हणाली, "आई, शी न्यू. तिला सगळं कळत होतं."

माझा नवरा संजय कोल्हापूरचा. एरवी तो स्वयंपाकघरात फक्त चार्जर शोधायला येतो, पण रविवारचं मटण त्याचं. तांबडा रस्सा करताना तो कुणाला आसपास फिरकू देत नाही. त्या रविवारी त्यानं रेवाच्या ताटात वाढलं आणि तिनं विचारलं, "बाबा, ह्या बकऱ्याला कळलं होतं?" संजय हातात डाव धरून तसाच उभा राहिला.   रेवानं शांतपणे ताट पुढे सरकवलं आणि दहीभात कालवून घेतला. त्यानंतर ती दर रविवारी दहीभात खायची आणि बाकीच्या दिवशी फारसं बोलायची नाही. शाळा, व्हायोलिन, खोलीचं दार बंद. वयच तसं आहे, असं मैत्रिणी म्हणायच्या. मला ते पटत नव्हतं, कारण मी रस्त्यावरची ती हरिणी पाहिली होती.

मग एका शनिवारी ती तिच्या मैत्रिणीकडे, हॅनाकडे, राहायला गेली आणि तिथे हॅनाच्या आजीच्या हातचं हरणाचं मटण खाऊन आली. खाऊन आली, हे तिनं स्वतःहून सांगितलं. हॅनाची आजी म्हणजे मिस पॅट. इथल्या दक्षिणी रीतीप्रमाणे पोरं थोरामोठ्या बाईला मिस म्हणतात आणि पुढे पाळण्यातलं नाव लावतात. मिस पॅट शाळेत गणित शिकवून निवृत्त झालेल्या, चॅटम काउंटीत त्यांची झाडीची जमीन, उंच बाई, आवाज मैदानावरचा. जगातल्या सगळ्या विषयांवर त्यांचं मत ठाम असतं आणि त्यातलं निम्मं चुकीचं असतं. भारतात थंडी पडतच नाही, हे त्यांनी मलाच समजावून सांगितलं आहे.

"मिस पॅट म्हणतात, त्यांच्या हरणाला कळायच्या आत सगळं संपलेलं असतं," रेवा म्हणाली. "आई, मी विचार केलाय. आयदर मी मटण खाणारच नाही, नाहीतर जे खाईन ते मी स्वतः मारीन, त्याला कळू न देता. आय वॉन्ट टु लर्न."

मी नाही म्हटलं. एकदा नाही, कितीतरी वेळा नाही म्हटलं. ज्या देशात शाळेतल्या पोरांना, कुणी बंदूक घेऊन शिरलं तर म्हणून, दिवे मालवून, दार लावून, भिंतीशी गप्प बसायची सवय करायला लावतात, त्या देशात मी आपण होऊन घरात बंदूक आणायची? मराठी मंडळाच्या पॉटलक जेवणाला ही गोष्ट फुटली तेव्हा एक काकू पुरणपोळीचा घास हातात धरून म्हणाल्या, "अगं, तिला भरतनाट्यमला घाल." त्या मनापासून म्हणत होत्या. मलाही वाटत होतं, घालावं. पण ज्या पोरीचं बोलणं आटलं होतं ती आता जेवताना बोलायला लागली होती. वाऱ्याची दिशा, हरणाचं काळीज नेमकं कुठे असतं, शिकारीच्या सुरक्षेचा कोर्स किती तासांचा असतो, हे सगळं ती मला सांगायची, आणि सांगताना माझ्याकडे बघायची. मी हळूहळू नाही म्हणायची थांबले. लोखंडी कपाट, त्याची किल्ली माझ्याकडे, गोळ्या निराळ्या कपाटात निराळ्या किल्लीत, एवढ्या अटींवर आमच्या घरात बंदुकीचा विषय सुरू झाला.

संजयनं तो विषय डिशवॉशर घ्यावा तसा हाती घेतला. रात्रंदिवस व्हिडिओ, रिव्ह्यू, तुलना. जेवणाच्या टेबलावर आकडे फिरायला लागले, टू-ट्वेंटी-थ्री, टू-फोर्टी-थ्री, थर्टी-थर्टी, थ्री-ओ-एट. मला आधी ते कुणाचे फोन नंबर वाटले. मग त्यानं समजावलं की हे साधारण नळीच्या तोंडाचं माप, इंचाच्या बारीक भागांतलं. तोंड मोठं तशी गोळी मोठी, बहुधा दारूही जास्त, आणि धक्काही जास्त.

"थ्री-ओ-एट घेऊ," तो म्हणाला. "आज हरीण आहे, उद्या घोड्याएवढं एल्क मारायचं म्हणेल. ती काय अशीच राहणारे? वाढत्या अंगाची असू दे."

आणि गंमत बघा, मी मान डोलावली. एवढी शिकलेली मी, रोज गोळ्यांचं वजन मिलिग्रॅममध्ये मोजणारी, पण 'वाढत्या अंगाची' हा शब्द कानावर पडला आणि माझी मान आपोआप डोलली. असा शब्द ऐकल्यावर नाही म्हणायचं असतं हे मला कुणी शिकवलंच नव्हतं. बापलेक जाऊन थ्री-ओ-एट घेऊन आले, पुऱ्या मापाच्या पुरुषाला शोभेल अशी.

गोळ्या आणायला ते दुसऱ्या दिवशी गेले, आणि नेमका तेव्हा कोल्हापूरहून सासूबाईंचा फोन आला. "रेवा कुठाय गं?" म्हणून त्यांनी विचारलं. मी भाजी परतत होते. म्हटलं, "बाबांबरोबर गोळ्या आणायला गेलीय."

"का? काय झालंय पोरीला? ताप आलाय काय?"

"ताप नाही हो आई, बंदुकीच्या गोळ्या."

 मग मी त्यांना सगळं सांगितलं, रस्त्यावरच्या हरिणीपासून दहीभातापर्यंत.  शेवटी सासूबाई म्हणाल्या, "असं आहे होय. मग एकाच गोळीत गुण येईल अशी घ्या म्हणावं." आणि मग त्यांनी नेहमीप्रमाणे माझ्या पित्ताची चौकशी केली.

सरावाला आम्ही मिस पॅटच्या जमिनीवर जायचो. झाडी संपते तिथे मातीचा उंच बांध, त्याच्यापुढे पाटीवर कागद. ऑगस्टचा घामट उकाडा, पाइनच्या चिकाचा वास, कानावर मोठाले हेडफोन. रेवानं पहिली गोळी झाडली आणि ती बाकावरून मागेच गेली. दुसऱ्या गोळीला तिनं ओठ दाबून धरले. रात्री तिच्या खांद्यावर काळानिळा डाग होता, आणि मी हळद लावायला गेले तर म्हणाली, "इट्स फाइन." पुढच्या शनिवारी परत. कागदावर भोकं पडत होती, पण एक इथे तर एक तिथे. काही कागदाच्या बाहेरच. मिस पॅटचं म्हणणं, सगळा दोष बंदुकीच्या जातीचा, जगात हरणासाठी थर्टी-थर्टीशिवाय दुसरी बंदूक झालीच नाही. त्यांनी आपली आजोबांच्या वेळची थर्टी-थर्टी रेवाच्या हातात दिली. ती वजनाला हलकी होती, आणि हलकी बंदूक धक्का जिरवत नाही, त्यामुळे तिनंही खांद्यावर चांगलाच दणका दिला.

तेव्हा मिस पॅटनी एक गोष्ट केली. रेवाला न सांगता त्यांनी आमच्या थ्री-ओ-एटमध्ये एक खोटं काडतूस भरलं आणि ती तिच्या हातात दिली. रेवानं नेम धरला, चाप ओढला. बार झालाच नाही, नुसतं टिक झालं. पण रेवाचे डोळे घट्ट मिटले होते, खांदा आक्रसला होता, आणि नळीचं तोंड चांगलं वीतभर खाली गेलं होतं. आम्ही सगळ्यांनी ते पाहिलं, तिनंही पाहिलं. ती बंदूक बाकावर ठेवून बाजूला जाऊन उभी राहिली.

मी जवळ गेले तर ती रडत होती. "मी तिच्या पायांवर मारीन, आई," ती म्हणाली. "मी पण तिला तसंच करीन."

एवढंच होतं ते सगळं. एल्क नको होतं, पदक नको होतं. ज्या हरिणीशी आपली गाठ पडेल तिनं रस्त्यावरच्या तिच्यासारखं उठत-कोलमडत राहू नये, एवढी एक गोष्ट त्या पोरीनं मागितली होती, आणि आम्ही तिच्या खांद्यावर नेमकी ती गोष्ट अशक्य करणारी वस्तू देऊन ठेवली होती. मला तिची फार माया आली, आणि संजयचीसुद्धा, कारण तो बाकापाशी उभा राहून आपलाच खांदा चोळत होता.

घरी जाताना गाडीत माझं डोकं माझ्या वाटेनं चालायला लागलं. अकोल्यात आमच्या गल्लीतले लोक म्हणायचे, औषध कसं जालीम पाहिजे. जो डॉक्टर इंजेक्शन देईल तो खरा. माझं आयुष्य त्याच्या उलट शिकण्यात गेलं. रोग्याचं वजन बघायचं, गुण येईल इतकंच द्यायचं, त्याहून वर दिलेलं सगळं त्रासाच्या खात्यात जातं. पण त्याहून कमीही द्यायचं नाही, कारण अर्धवट डोस हाही त्रासच. आणि हरीण केवढं? थोराड शेळीएवढं.

"डोस कमी करायला पाहिजे," मी मोठ्यानं म्हटलं.

"अगं पण पॉवर?" संजय म्हणाला.

"कशाला हवी पॉवर? हत्ती मारायचाय का?"

मागच्या सीटवरून रेवा फिसकन हसली. किती दिवसांनी ती हसली होती.

मग आम्ही तिघं मिळून दुकानात गेलो. दुकानदारानं आमचं म्हणणं शांतपणे ऐकलं आणि टू-फोर्टी-थ्री पुढे ठेवली. तिचा धक्का थ्री-ओ-एटच्या निम्म्याच्या आसपास, आणि इथल्या हरणाला ती अगदी पुरेशी. त्याच्याही खाली टू-ट्वेंटी-थ्री होती, तिला धक्का जवळजवळ नाहीच. रेवाला तिचा मोह झाला. पण तिच्यात चुकीला जागा फार कमी. नेम बोटभर हुकला तर हरीण जखमी होऊन झाडीत जाणार, आणि मग रात्रभर तिथे. रेवानं ती स्वतःच परत ठेवली. गोळ्या निवडताना मात्र मला कुणी काही सांगावं लागलं नाही. एकाच आकड्याच्या दोन पेट्या होत्या. एकीतल्या गोळ्या हलक्या, कोल्ह्यासाठीच्या, लागल्या लागल्या कातडीपाशीच फुटणाऱ्या. दुसरीतल्या जड, आत खोल जाऊन मग उमलणाऱ्या. पोटात विरघळायची गोळी जिभेवरच फुटली तर काय उपयोग? मी दुसऱ्या पेटीवर बोट ठेवलं. संजयनं माझ्याकडे पाहिलं आणि तो म्हणाला, "शुभा, तू तर ह्याच धंद्यात आहेस की."

दुकानदारानं मग मापाची पट्टी काढली. रेवाला हात काटकोनात धरायला लावून त्यानं तिच्या कोपराच्या खळग्यापासून चापावरच्या बोटाच्या पेरापर्यंत माप घेतलं. त्याच्या गळ्यात पट्टी लोंबत होती, आणि मला एकदम आईच्या दातांतल्या टाचण्या आठवल्या. बंदुकीचा दस्ता, म्हणजे खांद्याला टेकणारा मागचा भाग, तिला लांब होता. त्यानं मागचे स्क्रू सोडले आणि रबराच्या गादीमागून काळ्या, कडक प्लॅस्टिकचे दोन जाड तुकडे बाहेर काढले. दस्ता आखूड झाला. रेवानं रिकामी बंदूक खांद्याला लावली तर ती अशी बसली, जणू तिला अंगावर घेऊनच शिवली आहे. तुकडे त्यानं माझ्या हातात दिले. "जपून ठेवा," तो म्हणाला, "पोरगी वाढेल तसे परत घालायचे."

"अगं बाई, माया!" माझ्या तोंडून निघालं. संजयला आधी कळलं नाही, मग कळलं, आणि आम्ही दोघं त्या बंदुकांच्या दुकानात वेड्यासारखे हसत सुटलो. आई मशीनवर जे करायची तेच कुणीतरी ह्या बंदुकीला केलं होतं. रेवा तोवर बापानं सह्या कुठे करायच्या ते बघायला काउंटरवरच्या कागदांकडे गेली होती. तिला वाटलं असेल, आईबाबांचं काहीतरी आपलं चाललंय. ते तुकडे मी घरी येऊन बटणांच्या डब्यात टाकले.

सप्टेंबर-ऑक्टोबरच्या दुपारी ती जेवणाच्या टेबलावर जुनी चादर पसरून बंदूक पुसायची. त्या तेलाचा वास हुबेहूब आमच्या शिवणाच्या मशीनचा होता. मी चहा घेऊन मुद्दाम तिथे बसायचे. ती पुसता पुसता बोलायची, कधी हॅनाबद्दल, कधी त्या हरिणीबद्दल. नवी बंदूक पहिल्यांदा झाडली तेव्हा ती मागे वळून म्हणाली होती, "दॅट्स इट?" आता भोकं कागदावर जवळजवळ पडायला लागली होती. डोळे उघडे राहायला लागले होते. मिस पॅट टू-फोर्टी-थ्रीला अजूनही खेळणं म्हणायच्या, पण कागद मात्र त्यांनी आपल्या फ्रिजवर लावला होता.

आणि मग तो नोव्हेंबर. पहाटेच्या गारठ्यात मिस पॅटच्या झाडीत लाकडी मचाण, त्यावर आम्ही तिघी दाटीवाटीनं, नारिंगी जाकिटांत. श्वासाची वाफ, थर्मासमधला आल्याचा चहा, हळूहळू पांढरं होणारं गवत. मी इतकी गप्प आयुष्यात कधी बसले नव्हते. उजाडल्यावर एक शिंगांचा नर आला. मिस पॅटनी कोपरानं खूण केली. रेवानं नेम धरला, धरून ठेवला, आणि बंदूक खाली घेतली. तो तिरका उभा होता, तोंड फिरवून, काळीज नेमात येत नव्हतं. मिस पॅट पुटपुटल्या, त्यांनी बार काढला असता. रेवानं नुसती मान हलवली. त्या दिवशी आम्ही रिकाम्या हातांनी आलो, त्याच्या पुढच्या शनिवारीही.

त्यानंतरच्या खेपेला ऊन चांगलं वर आल्यावर एक मादी आली. ती थांबली, आडवी उभी राहिली, एक कान आमच्याकडे, एक पलीकडे. मी हरणाकडे बघायचं सोडून रेवाकडे बघत होते. तिचे डोळे उघडे होते. तिनं श्वास सोडला, आणि बार झाला. हरिणीनं एक उडी मारली, काही ढांगा टाकल्या आणि गवतात गुडघ्यांवर बसावं तशी बसली. मग मान खाली गेली. ती पुन्हा उठली नाही.

मिस पॅटनी आम्हाला थांबायला लावलं, मग आम्ही उतरलो. मिस पॅट मागे राहिल्या, ती समज त्यांना होती. रेवा हरिणीजवळ बसली आणि तिच्या मानेवर हात ठेवला. अंग अजून ऊबदार होतं.  मला त्या हरिणीचं वाईट वाटत होतं आणि माझ्या मुलीचा अभिमानही वाटत होता, आणि दोन्ही एकाच वेळी वाटू शकतं हे मला तोवर माहीत नव्हतं.

"आई," रेवानं विचारलं, "तिला कळलं का?"

नाही म्हणावंसं वाटत होतं. पण ती उडी मीही पाहिली होती. "फार नाही, बाळा," मी म्हटलं. "फार नाही कळलं."

 तिनं डोळे पुसले आणि म्हणाली, "आजीला सांग. एकाच गोळीत."

त्या रविवारी संजयनं तांबडा रस्सा केला. मांसाला चरबी कमी, म्हणून त्यानं तेल जरा जास्त सोडलं. मिस पॅट कॉर्नब्रेड घेऊन आल्या, रस्सा प्यायल्या, त्यांच्या नाकाडोळ्यांतून पाणी आलं आणि त्यांनी आणखी मागितला. रेवानं ताटातल्या पहिल्या घासाकडे जरा वेळ पाहिलं, आणि खाल्ला.  फोनवर सासूबाईंनी विचारलं, "आला का गुण?" मी म्हटलं, "आला हो आई."

ती आणखी दोन-तीन हिवाळे शिकारीला गेली, आणि मग कॉलेजला गेली. बंदूक लोखंडी कपाटात राहिली. किल्ली माझ्याकडे. मी कधीतरी कपाट उघडून, नुसता वास घेऊन परत लावायचे, हे मी संजयलाही सांगितलेलं नाही.

काल दुपारी रेवा आली. बॅग दारात टाकून आधी फ्रिज उघडला, मग कपाटाची किल्ली मागितली. तिनं बंदूक काढली, रिकामी आहे हे बघितलं, मलाही दाखवलं, शिकवल्याप्रमाणे. मग खांद्याला लावली. आणि मी हसू दाबलं. कोपर घडी पडल्यासारखं वाकडं, मान आक्रसलेली, नाक बंदुकीवरच्या दुर्बिणीला टेकलेलं. गेल्या वर्षीच्या फ्रॉकमध्ये मीही अशीच उभी असायचे.

मी बटणांचा डबा आणला. स्क्रूड्रायव्हर संजयनं शोधून दिला, चार्जरच्या खणातून. मी तिचं माप घेतलं, कोपराच्या खळग्यापासून बोटाच्या पेरापर्यंत. केवढा लांब हात झाला होता तो. पहिला तुकडा बसवला, स्क्रू आवळले. तिनं बंदूक पुन्हा खांद्याला लावली. मान सरळ, खांदा सैल, डोळा बरोबर जागेवर. अगदी मापात.

"हा दुसरा पण लावून टाक ना," ती डब्यात बघत म्हणाली. "आय ॲम डन ग्रोइंग, आई."

मी तो तुकडा उचलून हातात घोळवला. तेलाचा वास माझ्या बोटांना लागला होता.

"तो राहू दे," मी म्हटलं. "थोडी माया शिल्लक असू दे."

रेवाला त्या शब्दाचा एकच अर्थ माहीत आहे. तिनं बंदूक सावकाश टेबलावर ठेवली आणि मला घट्ट मिठी मारली. मी तिला दुसरा अर्थ सांगत बसले नाही.